दुसरा निरोप्या

मधुमेहावर इन्सुलिन हाती आले, त्यास आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. इ. स. १९२१ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी स्वादुपिंडातून त्याचा अर्क काढला आणि १९२२ च्या जानेवारीत तो प्रथम एका मुलास टोचण्यात आला. मरणाच्या दारी टेकलेली असंख्य मुले त्यानंतर उठून बसली. ही कथा सर्वपरिचित आहे. परंतु या औषधाच्या पोटातच एक कोडे दडलेले होते, त्याची वार्ता फारशी कोणाच्या कानी नाही. इन्सुलिन टोचले की रक्तातील साखर उतरावी, हा नियम. तथापि त्या काळच्या काही अर्कांनी साखर उतरण्यापूर्वी थोडा वेळ चढत असे. ज्या औषधाने साखर घटायची, त्यानेच ती क्षणभर का होईना वाढावी, हे कसे? १९२३ साली किंबॉल व मर्लिन या संशोधकांनी साखर चढवणारा हा पदार्थ इन्सुलिनहून निराळा आहे असे सांगितले व त्यास ग्लुकॅगॉन हे नाव दिले. नाव मिळाले, पण त्याचे घर कोणते व काम कसे चालते, ही दोन्ही उत्तरे मिळण्यास बराच अवधी जावा लागला.

ती उत्तरे शोधणाऱ्यांत अर्ल सदरलंड या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी आहे. त्यांचा जन्म १९ नोव्हेंबर १९१५ रोजी कॅन्सस प्रांतातील बर्लिंगेम या लहानशा गावी झाला. वडिलांचे कापडचोपडाचे दुकान होते. पुढे आर्थिक मंदीच्या लाटेत कुटुंबाची स्थिती खालावली, तेव्हा रुग्णालयात रुग्णसेवकाचे काम करून त्यांनी महाविद्यालयाचा खर्च भागवला. १९४२ मध्ये सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि लगोलग महायुद्धात सैन्याचे वैद्य म्हणून युरोपात गेले. १९४५ मध्ये परतल्यावर त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. एक वैद्यकीच्या व्यवसायाची. दुसरी संशोधनाची, जिथे यश येईलच याचा भरवसा नाही. कार्ल कोरी या गुरूच्या उदाहरणाने त्यांनी दुसरी वाट धरली.

या कोरी दांपत्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. कार्ल व गर्टी कोरी हे दोघेही प्राग नगरीचे. १९२२ मध्ये ते अमेरिकेत आले आणि १९३१ मध्ये सेंट लुइस येथे स्थायिक झाले. संशोधनात दोघांचा वाटा सारखा. पण पती प्राध्यापक, तर पत्नीस कमी दर्जाची जागा व अल्प वेतन, असा तेथील न्याय होता. गर्टी कोरी यांना प्राध्यापकपद मिळाले ते १९४७ मध्ये, आणि त्याच वर्षी पतीसमवेत त्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी झाल्या! ज्या बुद्धीला पारितोषिक मिळते, तिला पद मिळण्यास मात्र सोळा वर्षे लागावीत, यावर अधिक भाष्य नको.

कोरींनी काय शोधले? आपल्या यकृतात साखरेचा साठा असतो, हे फ्रान्सचे क्लोद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते. सुगीत धान्य कणगीत भरावे आणि टंचाईत काढावे, तद्वत् जेवणानंतर यकृत साखरेचे कण एकमेकांत गुंफून त्यांचे ग्लायकोजेन बनवते व उपवासात ते सोडवून साखर रक्तात सोडते. ही कणगी उघडण्याचे पहिले काम फॉस्फोरिलेज नावाचे विकर करते, हे कोरींनी सिद्ध केले. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे प्रथिन. कणगी सापडली, किल्लीही सापडली. परंतु किल्ली फिरवण्याची आज्ञा कोण देतो आणि ती आत कशी पोहोचते, हा प्रश्न उरलाच होता. तो सदरलंड यांच्या वाट्यास आला.

प्रथम ग्लुकॅगॉनचे घर सापडले. १९४८ मध्ये सदरलंड व बेल्जियमचे क्रिस्तियान द द्यूव्ह यांनी या पदार्थाचा माग काढला. तो मुख्यतः स्वादुपिंडातूनच येतो आणि इन्सुलिन पाझरवणाऱ्या पेशींच्या शेजारी ज्या निराळ्या पेशी आहेत, त्या त्याचे मूळ असाव्यात, असे त्यांच्या प्रयोगांवरून दिसले. पुढे ते खरे ठरले. एकाच वाड्यात दोन बिऱ्हाडे, एक साखर उतरवणारे, दुसरे चढवणारे! जुन्या अर्कात दोन्ही मिसळत असत. म्हणूनच साखर आधी चढे व मग उतरे. कोड्याचा अर्धा भाग सुटला.

उरलेला अर्धा अधिक कठीण होता. ग्लुकॅगॉन व ॲड्रेनलिन ही संप्रेरके रक्तातून यकृतापर्यंत येतात आणि काही मिनिटांत फॉस्फोरिलेज जागे होते. पण कसे? संप्रेरकांचे कार्य केवळ अखंड, जिवंत पेशीतच दिसते. पेशी फोडली की ते नाहीसे होते, अशी तेव्हा बहुतेकांची समजूत होती. ती खरी असती तर आतील यंत्रणा उलगडून पाहण्याचा मार्गच खुंटला असता. १९५३ मध्ये सदरलंड क्लीव्हलंड येथील वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात औषधशास्त्राचे विभागप्रमुख झाले. तेथे थिओडोर रॉल यांच्यासह त्यांनी ती समजूतच कसोटीस लावली. यकृताच्या पेशी वाटून त्यांचा लगदा केला व त्यात संप्रेरक घातले. फॉस्फोरिलेज जागे झाले! मग त्यांनी लगदा यंत्रात जोराने फिरवून गाळ तळाशी बसवला आणि वरची निवळी वेगळी काढली. फॉस्फोरिलेज निवळीत होते. पण नुसत्या निवळीत संप्रेरक घातले तर काही घडेना. गाळ पुन्हा मिसळला की काम सुरू.

येथे त्यांनी एक साधी परंतु निर्णायक युक्ती केली. एकट्या गाळात संप्रेरक व ए. टी. पी. हे शक्तिदायी द्रव्य घातले, ते मिश्रण उकळले आणि त्यातील पाणी तेवढे निवळीत टाकले. अंडे उकळले की त्यातील बलक व पांढरे गोठते, तशी विकरे उकळल्याने निकामी होतात. असे असूनही निवळीतील फॉस्फोरिलेज जागे झाले. याचा अर्थ उघड होता. संप्रेरकाच्या स्पर्शाने गाळात कोणता तरी लहान, उष्णतेस न डगमगणारा पदार्थ तयार होत होता आणि तोच आतला निरोप नेत होता.

तो पदार्थ कोणता, हे कळण्यास एक योगायोग साह्य झाला. त्याच सुमारास सेंट लुइस येथे डेव्हिड लिप्किन या रसायनशास्त्रज्ञाने ए. टी. पी.पासून एक नवे संयुग बनवले होते. त्याने आणि सदरलंड यांनी, एकमेकांचा मागमूस नसताना, लिऑन हेपेल या एकाच तज्ज्ञास पत्रे लिहिली. हेपेल यांनी दोन्ही वर्णने ताडून पाहिली. पदार्थ एकच आहे असे त्यांच्या ध्यानी आले व त्यांनी दोघांची गाठ घालून दिली. अशा रीतीने १९५८ च्या सुमारास सायक्लिक ए. एम. पी. म्हणजे चक्रीय ए. एम. पी. जगापुढे आले. ज्या ए. टी. पी.पासून ते बनते, त्याच्या १९२९ मधील शोधात आंध्रातील भीमावरमचे सुपुत्र यल्लाप्रगड सुब्बाराव यांचाही वाटा होता, हे भारतीय वाचकाने स्मरणात ठेवावे.

जुन्या काळी जासूद खलिता घेऊन वाड्याच्या देवडीपर्यंत येई. आत प्रवेश नसे. देवडीवरचा माणूस निरोप घेऊन माजघरात जाई. पेशीचा कारभार असाच आहे, असे सदरलंड यांचे प्रतिपादन होते. संप्रेरक हा पहिला निरोप्या. तो पेशीच्या आवरणापाशीच थांबतो. चक्रीय ए. एम. पी. हा आतला दुसरा निरोप्या. शिवाय बाहेर एक जासूद आला तरी आत अनेक निरोपे धावतात. त्यामुळे संप्रेरकाच्या अत्यल्प मात्रेनेही साखरेचा मोठा साठा मोकळा होऊ शकतो.

विद्वानांस हे सहज पटले नाही. कितीतरी संप्रेरके आणि त्यांची भिन्न भिन्न कार्ये. या सर्वांचा निरोप एकच पदार्थ कसा सांगेल? उत्तर असे की, निरोप एक असला तरी ऐकणारी घरे निराळी. कोणत्या पेशीच्या देवडीवर कोणत्या जासूदाची ओळख पटते आणि आत कोणती यंत्रणा सज्ज आहे, यावर परिणाम ठरतो. १९६५ मध्ये तर सदरलंड व मॅकमन यांनी हाच पदार्थ एका क्षुद्र जंतूतही दाखवला. भोवतीची साखर संपली की जंतूत तो वाढतो. माणसाच्या यकृतात उपाशीपोटी जो निरोप फिरतो, तोच एका पेशीच्या जंतूतही साखर सरल्याची वर्दी देतो! पटकीच्या रोगातही त्याचा हात आढळला. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये ज्या विषाचे अस्तित्व दाखवले, ते आतड्याच्या पेशींत हा निरोप अखंड चालू ठेवते. म्हणून शरीरातील पाणी वाहून जाते.

१९७१ मध्ये सदरलंड यांना एकट्यास नोबेल पारितोषिक मिळाले. ९ मार्च १९७४ रोजी, अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ते निवर्तले. त्यांच्या एका शोधाने सर्व कोडी सुटली असे मात्र नव्हे. खुद्द इन्सुलिनची वाट निराळी निघाली. पेशीच्या आवरणातील त्याचा ग्राहक स्वतःच विकराचे काम करतो, हे १९८२ मध्ये दिसून आले.

मग मधुमेह्यास या शोधाचा लाभ काय? लाभ हा की, रोगाकडे पाहण्याची दृष्टी पालटली. खाल्लेली गोड वस्तू हेच रक्तातील साखरेचे एकमेव कारण नव्हे. इन्सुलिनचा धाक कमी झाला आणि ग्लुकॅगॉनचा हुकूम मोकाट सुटला की उपाशी माणसाचे यकृतही साखर ओतत राहते. रात्री काही न खाता निजलेल्या रुग्णाची सकाळची साखर वाढलेली आढळते, तेव्हा घरची माणसे त्याच्यावर चोरून खाल्ल्याचा आळ घेतात. तो आळ पुष्कळदा अन्यायाचा असतो. आणि इन्सुलिन जास्त होऊन रुग्ण बेशुद्ध पडला, तर तेच एके काळी अर्कातील मळ वाटलेले ग्लुकॅगॉन टोचून त्यास शुद्धीवर आणता येते. जो दोष म्हणून टाकून द्यायचा, त्याच्याकडे कोणी धीराने पाहिले, म्हणून तो आज कित्येकांचा प्राण वाचवीत आहे.