बेंजो, डीजे आणि सोळा चौकोन

पनवेल तालुक्यातील शिक्षकांना लग्नसराई सुरू झाल्याचे पंचांग न उघडताही कळते. हळदीच्या दुसऱ्या दिवशी वर्गातली काही मुले पेंगत असतात आणि जी जागी असतात त्यांची बोटे बाकावर एकच ठेका धरून वाजत असतात. ‘बंद करा तो गोंगाट’ असे म्हणून आपण पुढचा धडा सुरू करतो. या ठेक्याला इतिहास आहे, आणि तो बराचसा विज्ञानाच्या आणि यंत्रांच्या इतिहासात गुंतलेला आहे. शब्द नसलेले विद्युत-संगीत, तसेच ज्याला मुले ‘अंडरग्राउंड हिप-हॉप’ म्हणतात ते संगीत, यांच्याकडे थोडे लक्ष देऊन पाहिले तर काय दिसते, ते या लेखात मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

जपानी तारा, आगरी हळद

सुरुवात घरापासून करू. पनवेल, उरण, अलिबाग या पट्ट्यातील आगरी-कोळी गावांत लग्नाचे विधी धवळारिणीच्या गाण्यांनी होत आले आहेत. पुढे हळदीच्या रात्री आणि गणपतीच्या मिरवणुकीत ‘बेंजो पार्टी’ आली. हा बेंजो म्हणजे अमेरिकेतला गोल, कातडी लावलेला बँजो नव्हे. लांबट लाकडी पेटी, तिच्यावर ताणलेल्या पोलादी तारा आणि तारांवर दाब देणाऱ्या टंकलेखन यंत्रासारख्या कळा, असे हे वाद्य आहे. हिंदी प्रदेशात त्याला ‘बुलबुल तरंग’ म्हणतात.

त्याचा जन्म झाला १९१२ साली जपानमधील नागोया शहरात. मोरिता गोरो या संगीतकाराने जपानी तंतुवाद्याला टंकलेखन यंत्राच्या धर्तीवर कळा बसवल्या. त्याच वर्षी जपानमध्ये ‘ताइशो’ कालखंड सुरू झाला होता, म्हणून वाद्याचे नाव पडले ‘ताइशोगोतो’. घरच्या घरी, फारसे शिक्षण न घेता वाजवता यावे असे ते स्वस्त वाद्य होते. व्यापाराच्या वाटेने ते आपल्याकडे आले. कराचीच्या बाजूला बलुची वादकांनी ते मोठे करून ‘बेंजू’ घडवला. आपल्याकडच्या वादकांनी त्याला वीज जोडली.

वीज जोडली म्हणजे काय केले? तारांखाली ‘पिकअप’ बसवला. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ साली दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. दहावीच्या पुस्तकातला हा नियम गावच्या मिरवणुकीत टेम्पोवर बसून फिरत असतो! एका खोलीपुरता आवाज असलेले घरगुती वाद्य त्यामुळे ढोल-ताशाच्या जोडीने रस्त्यावर उभे राहिले.

पुढे त्याच्या शेजारी ऑक्टोपॅड आला. रोलँड या जपानी कंपनीने १९८५ साली आणलेल्या या उपकरणात रबराच्या आठ गाद्या असतात. गादीवर काठी पडली की आतला संवेदक विजेचा संकेत देतो आणि त्या संकेताने ठरवलेला आवाज उमटतो. बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पाश्चात्त्य ड्रम-वादक होता. आपल्या वादकांनी मात्र त्याच आठ गाद्यांवर ढोलकी, संबळ आणि ताशाचे बोल आणून बसवले.

ब्रॉंक्समधील दोन तबकड्या

यंत्र ज्या कामासाठी बनले त्याहून वेगळ्या कामाला लावणे, हीच गोष्ट समुद्रापलीकडेही घडत होती. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागात सिंडी कॅम्पबेल या मुलीने इमारतीच्या सामाईक खोलीत नाचाचा कार्यक्रम ठेवला. शाळा सुरू होण्याआधी नव्या कपड्यांसाठी पैसे उभे करायचे होते. तबकड्या वाजवत होता तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच ‘डीजे कूल हर्क’.

हर्कच्या लक्षात एक गोष्ट आली होती. गाण्यात मध्येच इतर वाद्ये थांबून फक्त तालवाद्ये उरतात, त्या काही सेकंदांत नाचणारे सर्वात रंगात येतात. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवायला सुरुवात केली. एकीवरचा तो तुकडा संपत आला की दुसरीवर तोच पुन्हा, तोवर पहिली मागे फिरवायची. काही सेकंदांचा तुकडा मिनिटेच्या मिनिटे चालू लागला. ऐकण्याचे यंत्र वाजवण्याचे वाद्य झाले. या ठेक्यावर लयीत बोलणे आले आणि हिप-हॉप उभे राहिले. ‘डीजे’ या शब्दाचा मूळ अर्थ असा तबकड्या वाजवणारा माणूस; आपल्याकडे तो ध्वनिक्षेपकांच्या भिंतीला चिकटला.

‘अंडरग्राउंड’ म्हणजे आपल्या १९४२ च्या अर्थाने भूमिगत नव्हे. मोठ्या कंपन्या आणि चित्रपट यांची वाट न धरता, आपापसात कॅसेटी वाटून वाढलेले संगीत असा त्याचा अर्थ. मुंबईच्या गल्ल्यांत ते अशाच वाटेने रुजले. २०१९ साली ‘गली बॉय’ चित्रपट आला तो त्यानंतर. त्याच वर्षी ‘स्वदेसी’ या मुंबईच्या गटाने आरेच्या जंगलातील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह ‘द वारली रिव्होल्ट’ ही रचना केली. जमीन आणि झाडे यांचा प्रश्न तिच्यात आहे. सिडकोच्या स्थापनेपासून, म्हणजे १९७० पासून, शेते आणि मिठागरे जाऊन शहर उभे राहताना पाहिलेल्या पनवेलकरांना हा विषय परका वाटू नये.

मुंबईतील दहा राग

आता आपल्या जवळच्या एका विलक्षण तबकडीकडे वळू. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतात गिटार आणि कळफलकाची वाद्ये वाजवणारे वादक. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रे एकत्र जोडली. जुपिटर-८ हे स्वरांसाठी, टीआर-८०८ हे तालासाठी आणि टीबी-३०३ हे खर्जाच्या साथीसाठी. त्यांवर त्यांनी भैरवी, ललत, भूपाळी, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. गाणे नाही, शब्द नाहीत. एचएमव्हीने ही तबकडी काढली, पण ती फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली.

गंमत म्हणजे ती यंत्रेही बाजारात अपयशीच ठरत होती. ८०८ मधील ढोल खऱ्या ढोलासारखा वाजत नाही, अशी तक्रार होती. ते खरेही होते. त्यात खऱ्या वाद्याचे ध्वनिमुद्रण नव्हतेच. घंटेला टोला द्यावा तसा एका विद्युतमंडलाला धक्का दिला जाई आणि ते घुमत घुमत विरे. सुमारे बारा हजार यंत्रे बनवून १९८३ साली उत्पादन थांबले. ३०३ हे एकट्या गिटारवादकाला खर्जाची साथ मिळावी म्हणून केले होते. तेही १९८४ पर्यंत बंद पडले. जुन्या बाजारात ही यंत्रे स्वस्त झाली आणि पैसे नसलेल्या तरुणांच्या हाती लागली. ८०८ चा तो घुमणारा खर्ज हिप-हॉपचा पाया बनला. शिकागोत ‘फ्यूचर’ नावाच्या गटाने ३०३ च्या खुंट्या वाजता वाजता पिळल्या आणि १९८७ मध्ये त्यांची ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ ही रचना आली. तिच्यापासून ‘अ‍ॅसिड हाउस’ हा प्रकार सुरू झाला.

२००२ मध्ये चरणजित सिंग यांची तबकडी एका डच संग्राहकाला भारतात सापडली आणि २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाली. ऐकणारे थक्क झाले, कारण शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत जवळजवळ तसेच संगीत झाले होते. म्हातारपणी चरणजित सिंग यांना युरोपातून बोलावणी आली. २०१५ साली मुंबईत त्यांचे निधन झाले.

आधी असणे आणि कारण असणे

येथे इतिहास शिकवणाऱ्यांनी थांबावे. ‘म्हणजे हे संगीत भारतानेच शोधले’ असे म्हणण्याचा मोह होतो. पण शिकागोच्या तरुणांनी ही तबकडी ऐकली होती, याला कोणताही पुरावा नाही. एखादी गोष्ट आधी घडली म्हणून ती नंतरच्या गोष्टीचे कारण ठरत नाही. मग साम्य आले कोठून? यंत्रातून. ३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय आहे. चरणजित सिंगांच्या कानाला त्यात मींड सापडली, शिकागोच्या कानाला नाचाची झिंग. दोन ठिकाणी एकच यंत्र, दोन वेगवेगळ्या परंपरा आणि जवळपासचे आवाज, एवढेच आपण खात्रीने म्हणू शकतो. आम्हाला हे खोट्या अभिमानापेक्षा अधिक रंजक वाटते.

ऐकायचे काय?

‘यात चाल नाही, शब्द नाहीत, तेच तेच वाजते’ हा नेहमीचा आक्षेप. तो समजण्यासाठी वहीत एका ओळीत सोळा चौकोन आखा. ८०८ वर अशीच सोळा बटणे एका ओळीत असतात. ज्या चौकोनात खूण करावी तेथे आवाज, बाकी ठिकाणी शांतता. आपल्या तीनतालाच्याही मात्रा सोळाच. (यंत्रातला एक चौकोन मात्र ठोक्याचा चौथा भाग असतो, हे ध्यानात ठेवावे.)

वर्गाचे तीन गट करा. पहिल्या गटाने १, ५, ९, १३ या चौकोनांवर बाकावर थाप द्यावी. दुसऱ्याने ५ आणि १३ वर टाळी वाजवावी. तिसऱ्याने प्रत्येक विषम चौकोनावर चुटकी वाजवावी. नाचाचा ठेका तयार झाला! आता पहिल्या गटाने आपल्या खुणा बदलून १, ४, ७, ११, १३ अशा कराव्यात. अंतरे झाली ३, ३, ४, २, ४. बेरीज सोळाच, पण चाल एकदम लंगडत, झुलत जाऊ लागते. एवढ्या लहान बदलाने केवढा फरक पडतो, हे हातांना कळते. या संगीताचा आस्वाद अशा बदलांत असतो: कोणता आवाज केव्हा आला, केव्हा काढून घेतला, आवाजाचा पोत कसा पालटत गेला. तीनतालात नवव्या मात्रेला खाली येते आणि भरीचा ठोका मुद्दाम टाळला जातो. त्या रिकाम्या जागेचे सौंदर्य ज्याला कळते त्याला हेही कळायला हरकत नाही.

आणखी एक पायरी. यंत्र घड्याळासारखे अचूक वाजवते, म्हणून ते निर्जीव वाटते. डेट्रॉइटच्या जे डिलाने हे ओळखले. तुकडे साठवून बोटांनी वाजवायच्या यंत्रावर तो ठोके केसभर मागेपुढे ठेवी. २००६ साली त्याच्या निधनाच्या तीन दिवस आधी आलेला ‘डोनट्स’ हा संग्रह मुख्यतः गायकाविना, जुन्या गाण्यांच्या तुकड्यांतून विणलेला आहे. रेंगाळत समेवर येणारा ढोलकीपटू ज्यांनी ऐकला आहे, त्यांना ही मौज नवी नाही.

आवाजाचा प्रश्न

या संगीताविषयीची खरी तक्रार बहुतेकदा मोठेपणाविषयी असते आणि ती रास्त आहे. डेसिबेल ही लघुगणकीय मोजणी आहे. ३ डेसिबेल वाढले की ध्वनीची तीव्रता दुप्पट होते आणि सुरक्षित ऐकण्याचा काळ निम्मा होतो. ८५ डेसिबेलला आठ तास धरले तर १०० डेसिबेलला उरतात फक्त पंधरा मिनिटे. कानातील केसासारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. हे मुलांना जरूर शिकवावे. मात्र दोष ध्वनिक्षेपकांच्या भिंतीचा असताना आपण संगीतालाच शिक्षा देतो, आणि मग मुले आपले दोन्ही म्हणणे सोडून देतात.

नोंद कोण ठेवणार?

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझर आणून विद्युत-संगीताची प्रयोगशाळा उभारली. गीता साराभाई यांच्यासह काही भारतीयांनी तेथे रचना केल्या. त्या फिती पुढे चाळीसहून अधिक वर्षे कपाटात पडून राहिल्या. शोध लागल्यावर २०२३ मध्ये त्यांचा संग्रह निघाला. चरणजित सिंगांच्या तबकडीचेही तेच झाले. फीत होती, तबकडी होती, म्हणून हे दोन्ही इतिहास परत मिळाले.

बेंजो पार्ट्यांची अशी कपाटे फारशी नाहीत. बेंजोला पहिला पिकअप कोणी बसवला, ऑक्टोपॅड गावात केव्हा आला, धवळारिणीची कोणती चाल बेंजोवर चढली, डीजे आल्यावर वादकांनी काय धंदा धरला, ही माहिती साठी-सत्तरीतल्या माणसांच्या आठवणीत आहे आणि त्यांच्याबरोबरच ती जाईल. नववीच्या मुलांना हा प्रकल्प सहज झेपेल. गावातील एक वादक गाठावा, तो म्हणेल ते वर्षासह लिहून घ्यावे, त्याच्या परवानगीने वाद्याचा आवाज मोबाइलवर मुद्रित करावा आणि वही शाळेच्या ग्रंथालयात ठेवावी. जुन्या पावत्या, लग्नपत्रिका, मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या यांवरून सांगितलेली वर्षे ताडून पाहावी. साधने कशी तपासायची हे त्यातून आपोआप शिकवले जाईल. हे काम यंदाच्या लग्नसराईतच हाती घ्यावे, कारण पुढच्या वर्षी ते सांगणारा माणूस असेलच असे नाही.