मुठीचा प्रश्न : लांकूड कीं रबर?

शस्त्राची परीक्षा पात्यावरून किंवा नळीवरून करण्याची रीत आहे. परंतु ज्याला तें चालवावयाचें असतें, तो आधीं मूठ पाहतो. सातपुड्यांतील भिल्लाचें धनुष्य बांबूचें आणि त्याची दोरीही बांबूच्याच सालीची. तेथें निराळ्या मुठीचा प्रश्नच नाहीं. 1825 मध्यें औट्रमसाहेबानें खानदेशांत भिल्ल पलटण उभारली, धरणगांवीं तिचें ठाणें झालें, आणि त्याच हातांत लांकडी दस्त्याची बंदूक आली.

पुढें 1857 सालीं खाज्या नाईकानें सेंधव्याच्या घाटांत सरकारी खजिन्याचे सात लाख रुपये लुटले, व 11 एप्रिल 1858 रोजीं अंबापाणीची लढाई झाली. इंग्रज अंमलदारांच्या कमरेस रिव्हॉल्व्हर दिसूं लागलें तें याच सुमारास. त्या वेळचीं कोल्ट व ॲडम्स यांचीं रिव्हॉल्व्हरें अक्रोडी मुठीचीं होतीं. लांकूड हातास सुखकर खरें. पण तें पावसाळ्यांत फुगतें आणि जळगांव-धुळ्याकडच्या वैशाखांत आकसून तडकतें.

1839 मध्यें गुडइयर या अमेरिकन गृहस्थास रबरांत गंधक घालून तापविण्याची युक्ति साधली. गंधक फार घातलें म्हणजे रबर शिंगासारखें कठीण होतें. 1887 मध्यें ब्रिटिश लष्करानें स्वीकारलेल्या वेब्ली रिव्हॉल्व्हरास याच जिनसेच्या पट्ट्या होत्या. रबर म्हणजे मऊ, ही समजूत येथें सोडावी. जुन्या फौंटनपेनांच्या नळ्या याचीच करीत. ती निवड हवेसाठीं होती, धक्क्यासाठीं नव्हे.

धक्क्याचा खरा प्रश्न मागाहून आला. अमेरिकेंत 1935 मध्यें .357 मॅग्नम व 1955 मध्यें .44 मॅग्नम हीं जबर काडतुसें निघालीं. नळी हाताच्या वर असल्यामुळें बार उडतांच शस्त्र मागें येतें आणि तोंड वर करतें. मुठीची पोलादी पाठ अंगठा व तर्जनी यांमधील बेचक्यांत आदळते. मऊ व रुंद रबर तो आघात अधिक जागेवर आणि किंचित् अधिक वेळांत पसरतें. क्रिकेटचा गडी चेंडू झेलतांना हात मागें घेतो, त्यांतलेंच हें तत्त्व. गुळगुळीत लांकूड मात्र तळहातांत फिरतें. 1873 च्या कोल्टची नांगराच्या रुमण्यासारखी वळलेली मूठ या फिरण्याला वाव देते. पण मग प्रत्येक बारानंतर पकड पुन्हा सांवरावी लागते.

हें केवळ हौसेचें प्रकरण नव्हे. धक्क्याची धास्ती बसली कीं बार उडण्याच्या आधींच डोळे मिटतात, मनगट झुकतें, आणि भलत्यालाच गोळी लागण्याचा संभव असतो. म्हणून जबर काडतुसांचे लागोपाठ बार करावयाचे असतील तर मऊ रबर बरें. कपड्याखालीं शस्त्र बाळगणाऱ्यास तेंच अडचणीचें, कारण तें कापडास चिकटून अडतें. तेथें लांकूड सरस. शिवाय लांकूड कानशीनें घासून हाताच्या मापाचें करतां येतें. ज्याचा पंजा लहान, त्याचें बोट जाड रबरी मुठीवरून घोड्यापर्यंत नीट पोंचत नाहीं. त्यानें रबराच्या मऊपणावर न भुलतां पातळ लांकडी पट्ट्याच बसवून घ्याव्या, आणि काडतूसही हलकें वापरावें.