घरगुती गॅस-तापन, देयके आणि नियंत्रणाचा प्रश्न : ब्रिटनचा अनुभव (१८१२–२०२३)

प्रस्तावना

महाराष्ट्रातील शहरी घरांत नळाने येणारा गॅस प्रामुख्याने स्वयंपाकासाठी वापरला जातो. त्याचे देयक कुटुंबाच्या अंदाजपत्रकात फारशी खळबळ माजवीत नाही. ब्रिटनमधील स्थिती याहून भिन्न आहे. तेथील बहुसंख्य घरे गॅसवर चालणाऱ्या बॉयलरने उबदार ठेवली जातात आणि घरगुती गॅसचा सर्वांत मोठा वाटा खोल्या तापविण्यावर खर्च होतो. त्यामुळे हिवाळ्यातील गॅसचे देयक हा तेथे आरोग्य, राहणीमान आणि राजकारण या तिन्हींशी निगडित प्रश्न ठरला आहे. २०२१ ते २०२३ या काळात गॅसचे दर भडकले तेव्हा थर्मोस्टॅट थोडा खाली आणावा, बॉयलरच्या पाण्याचे तापमान कमी ठेवावे, असा सल्ला कुटुंबांना सर्व बाजूंनी देण्यात आला. देयकाचे नियंत्रण मुख्यतः कुटुंबाच्या हाती असते, हे या सल्ल्यामागील गृहीतक होय. इतिहासाच्या कसोटीवर ते कितपत टिकते, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कोळसा, नाण्याचे मीटर आणि एका खोलीची ऊब

लंडनमध्ये १८१२ साली राजसनद मिळालेली ‘गॅस लाइट अँड कोक कंपनी’ ही सार्वजनिक गॅसपुरवठा करणारी जगातील पहिली कंपनी मानली जाते. तिचा गॅस दगडी कोळशापासून तयार केला जाई आणि त्याचा मुख्य उपयोग दिवाबत्तीसाठी होता. एकोणिसाव्या शतकात गॅस ही मध्यम व उच्च वर्गाची सोय होती. १८८० च्या दशकाच्या अखेरीस नाणे टाकून चालणारे मीटर प्रचारात येऊ लागले आणि पुढील दशकात गॅस कामगारवस्तीपर्यंत पोहोचला. हाती असेल तेवढ्या पैशांचा गॅस घ्यावा, नाण्याचा गॅस संपला की ज्योत विझावी, अशी ही व्यवस्था होती. तीत थकबाकीची धास्ती नव्हती. मात्र पैशाच्या चणचणीत पुरवठा आपोआप बंद होण्याची तजवीजही तीतच होती. गॅसकंपनीला वसुलीचा त्रास उरला नाही आणि काटकसरीची जबाबदारी पूर्णतः ग्राहकाकडे गेली. हा मुद्दा पुढील इतिहासात पुन्हा उपस्थित होतो.

या काळात घर तापविण्याचे काम कोळशाच्या शेकोटीकडेच होते. बैठकीची एकच खोली उबदार असे, शयनगृहे थंड राहत. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पसरलेल्या घातक धुरक्याने हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९५६ साली स्वच्छ हवेसंबंधीचा कायदा संमत झाला आणि धूरमुक्त क्षेत्रांत घरगुती कोळशावर निर्बंध आले. गॅसच्या शेगडीला त्यामुळे बाजारपेठ मिळाली. १९६१ च्या पार्कर मॉरिस समितीने घरांसाठी सुचविलेल्या किमान तापनमानकात, बाहेर तापमान गोठणबिंदूच्या किंचित खाली असताना, बैठकीच्या खोलीसाठी सुमारे १८ अंश सेल्सियस आणि स्वयंपाकघर व येण्याजाण्याच्या जागेसाठी सुमारे १३ अंश सेल्सियस अशी अपेक्षा होती. या किमान मानकात शयनगृहांचा समावेश नव्हता. संपूर्ण घर उबदार असावे ही कल्पना तोवर सर्वमान्य झालेली नव्हती.

उत्तर समुद्रातील वायू आणि सेंट्रल हीटिंगचा प्रसार

१९४९ मध्ये गॅसउद्योगाचे राष्ट्रीयीकरण होऊन बारा प्रादेशिक मंडळे व त्यांच्यावर एक गॅस परिषद अशी रचना झाली. १९६५ साली उत्तर समुद्रात वेस्ट सोल या क्षेत्रात नैसर्गिक वायू सापडला आणि १९६७ मध्ये तो किनाऱ्यावर आणण्यात आला. कोळशापासून केलेल्या गॅसच्या तुलनेत या वायूचे उष्मांकमूल्य सुमारे दुप्पट होते आणि त्याची ज्योतही वेगळ्या गुणधर्माची होती. त्यामुळे जुन्या बर्नरवर तो जाळणे शक्य नव्हते. १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सुमारे १ कोटी ३० लाख ग्राहकांच्या घरी जाऊन जवळपास ४ कोटी उपकरणे बदलण्यात अथवा दुरुस्त करण्यात आली. एका सार्वजनिक संस्थेने, वस्तीमागून वस्ती घेत, प्रत्येक घराच्या आत जाऊन पार पाडलेले हे काम नियोजनाच्या इतिहासात उल्लेखनीय आहे.

या स्वस्त व विपुल वायूच्या आधारे सेंट्रल हीटिंगचा प्रसार झाला. एका बॉयलरमध्ये तापविलेले पाणी नळांवाटे प्रत्येक खोलीतील रेडिएटरमध्ये फिरविण्याची ही पद्धत १९७२ साली सुमारे ३७ टक्के घरांत होती. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेले. मुलांना आपल्या खोलीत अभ्यास करता येऊ लागला, घरातील वावर एका शेकोटीभोवती एकवटण्याची गरज उरली नाही. तथापि ही सुखसोय ज्या घरांत आली त्यांतील अनेक घरे व्हिक्टोरियन काळातील, एकसंध विटांच्या भिंतींची व उष्णतारोधन नसलेली होती. माळ्याच्या उष्णतारोधनासाठी अनुदान देणारा कायदा १९७८ मध्ये आला, म्हणजे गॅसचे परिवर्तन पूर्ण झाल्यानंतर. घराघरांत शिरून उपकरणे बदलणाऱ्या यंत्रणेने त्याच फेरीत भिंती व माळे यांचा विचार केला नाही. स्वस्त इंधनाच्या काळात त्याची निकड भासली नाही. त्याची किंमत पुढील पिढ्यांच्या देयकांत उतरली.

नियंत्रक : यंत्र आणि त्याची समज

खोलीचे तापमान राखणाऱ्या विद्युत-थर्मोस्टॅटचा उगम एका शिक्षणसंस्थेत झाला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात व्हाइटवॉटर येथील अध्यापक-विद्यालयाचे प्राध्यापक वॉरन जॉन्सन यांच्या वर्गात तापमान पाहण्यासाठी शिपाई वारंवार येई आणि अध्यापनात व्यत्यय येई. त्यावर उपाय म्हणून त्यांनी तळघरातील भट्टीपाशी सूचना पोहोचविणारे उपकरण तयार केले व १८८३ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. डेन्मार्कमधील डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ मध्ये रेडिएटरवर बसणारी स्वयंचलित झडप विकसित केली, तर १९५३ साली हेन्री ड्रायफस यांनी आकार दिलेला हनीवेल कंपनीचा गोल थर्मोस्टॅट बाजारात आला. घड्याळी टाइमर, भिंतीवरील थर्मोस्टॅट आणि रेडिएटरची झडप हे तीन घटक म्हणजे आधुनिक घराची नियंत्रणव्यवस्था होय. पहिला केव्हा, दुसरा किती आणि तिसरा कोठे या प्रश्नांचे उत्तर देतो.

उपकरणे उपलब्ध असणे आणि ती समजणे यांत अंतर असते. विलेट केम्प्टन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेतील अभ्यासात लोकांच्या मनातील थर्मोस्टॅटविषयीच्या दोन धारणा मांडल्या. काहींच्या मते थर्मोस्टॅट हा ठरावीक तापमान गाठताच भट्टी बंद करणारा स्वयंचलित खटका आहे. इतरांना तो नळाच्या तोटीसारखा वाटतो : अधिक फिरविला की अधिक उष्णता येते. दुसऱ्या धारणेनुसार वागणारी व्यक्ती घर लवकर तापावे म्हणून आकडा चढविते. साध्या चालू-बंद पद्धतीच्या व्यवस्थेत घर त्यामुळे लवकर तापत नाही. आकडा खाली आणण्याचे विसरले तर ते गरजेपेक्षा अधिक मात्र तापते.

ब्रिटनमधील कंडेन्सिंग बॉयलरची कथा याहून बोधप्रद आहे. ज्वलनातून निघणाऱ्या वाफेचे पाणी करून तिच्यातील उष्णता परत मिळविणारे हे बॉयलर १ एप्रिल २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये, काही अपवाद वगळता, बंधनकारक झाले. रेडिएटरमधून परतणारे पाणी सुमारे ५५ अंशांपेक्षा थंड असेल तरच ही क्रिया नीट घडते. प्रत्यक्षात अनेक बॉयलरमधून बाहेर पडणाऱ्या पाण्याचे तापमान ७० ते ८० अंशांवर ठेवलेले होते. परिणामी कायद्याने घरात आणलेली कार्यक्षमता पूर्णपणे वापरात आली नाही. ज्या बॉयलरला गरम पाण्याची साठवण-टाकी जोडलेली नसते, त्यातील तापनाचे पाणी ६० अंशांपर्यंत खाली आणावे, असा सल्ला शासकीय मोहिमेतून डिसेंबर २०२२ मध्ये देण्यात आला. टाकीतील पाणी मात्र लिजिओनेला जिवाणूंच्या धोक्यामुळे ६० अंशांखाली ठेवणे योग्य नसते. म्हणजे बॉयलरच्या दर्शनी भागावरच असलेल्या एका बटणाचे महत्त्व सर्वसामान्य कुटुंबाला व्यापक प्रमाणावर सांगितले जाण्यास सतरा वर्षे लागली, आणि त्यासाठीही दरवाढीचे निमित्त व्हावे लागले.

सार्वजनिक सेवेकडून बाजारपेठेकडे

१९८६ मध्ये ब्रिटिश गॅसचे खासगीकरण झाले आणि १९९६ ते १९९८ या काळात घरगुती ग्राहकांसाठी पुरवठादार निवडण्याची मुभा टप्प्याटप्प्याने खुली झाली. एप्रिल १९९४ पासून घरगुती इंधनावर ८ टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला. तो १७.५ टक्के करण्याचा प्रस्ताव त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेत पराभूत झाला आणि १९९७ मध्ये कर ५ टक्क्यांवर आणण्यात आला. घराची ऊब हा करविषयक संघर्षाचा मुद्दा बनू शकतो, हे यातून स्पष्ट झाले.

दरम्यान ब्रेंडा बोर्डमन यांच्या १९९१ च्या ग्रंथाने ‘इंधन-दारिद्र्य’ या संकल्पनेला अभ्यासाची बैठक दिली. पुरेशी ऊब मिळविण्यासाठी उत्पन्नाच्या दहा टक्क्यांहून अधिक खर्च करावा लागणारे कुटुंब हे इंधन-दरिद्री, असा निकष त्यातून रूढ झाला. कमी उत्पन्न, महाग इंधन आणि उष्णता न टिकविणारे घर या तिन्हींच्या संयोगातून हे दारिद्र्य निर्माण होते. २००० साली उबदार घरांसंबंधीचा कायदा संमत झाला. त्याच वर्षी ब्रिटनचे वायूउत्पादन शिखरावर होते. २००४ पासून देश निव्वळ आयातदार झाला. स्वस्त वायूवर उभारलेली घरे आता जागतिक दरांशी बांधली गेली.

२०२१–२३ : देयकाचे गणित

ब्रिटनमध्ये मीटर गॅसचे घनफळ मोजते. देयक मात्र उष्णतेच्या एककात, म्हणजे किलोवॅट-तासांत आकारले जाते. एका घनमीटर वायूपासून साधारणपणे ११ किलोवॅट-तास उष्णता धरली जाते. त्याखेरीज दररोजचा स्थिर आकार असतो, जो गॅस न वापरताही द्यावा लागतो. जानेवारी २०१९ पासून नियामक संस्था ऑफजेम प्रति एकक दर व स्थिर आकार यांवर मर्यादा ठरवू लागली. ऑक्टोबर २०२१ मध्ये या मर्यादेतील गॅसचा दर सुमारे ४ पेन्स प्रति किलोवॅट-तास होता. एप्रिल २०२२ मध्ये तो सुमारे ७.४ पेन्स झाला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये शासनाने भार उचलूनही तो सुमारे १०.३ पेन्स राहिला. त्या वेळी जाहीर झालेला २,५०० पौंडांचा आकडा ही देयकाची कमाल मर्यादा आहे, असा अनेकांचा समज झाला. वस्तुतः तो सरासरी वापराच्या घराच्या गॅस व वीज मिळून होणाऱ्या वार्षिक खर्चाचा अंदाज होता. मर्यादा दराला होती, देयकाला नव्हती.

वर्षाला १२,००० किलोवॅट-तास गॅस वापरणाऱ्या घराचे उदाहरण घेता, स्थिर आकार वगळून, खर्च ४ पेन्स दराने ४८० पौंड, ७.४ पेन्स दराने ८८८ पौंड आणि १०.३ पेन्स दराने १,२३६ पौंड होतो. थर्मोस्टॅट एक अंशाने खाली आणल्यास सुमारे दहा टक्के बचत होते, हा प्रचलित ठोकताळा मान्य केला तरी शेवटच्या दराने ती १२४ पौंडांच्या आसपास भरते. दरवाढीचा बोजा मात्र ७५६ पौंडांचा आहे. बचत खरी आहे. परंतु ती वाढीच्या एक-षष्ठांशाएवढीच आहे. उरलेल्या पाच हिश्श्यांवर कुटुंबाच्या हातातील कोणत्याही बटणाचा अंमल चालत नाही.

काटकसर आणि वंचना

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार थंड ऋतूत घरातील तापमान किमान १८ अंश असावे. वृद्ध, बालके व दीर्घकालीन रुग्ण यांना त्याहून अधिक उबेची गरज असू शकते. ज्या घराचे तापमान २१ अंश आहे, तेथे एक अंश कमी करणे ही काटकसर होय. ज्या घरात वृद्ध व्यक्ती आधीच १५ अंशांत राहते, तेथे तीच कृती आरोग्याला अपाय करते. इंग्लंड व वेल्समध्ये २०१७–१८ च्या हिवाळ्यात इतर ऋतूंच्या तुलनेत अंदाजे ५०,१०० मृत्यू अधिक झाल्याची अधिकृत नोंद आहे. त्यांत फ्लूसारख्या साथींचाही वाटा असतो, तरी थंड घर हे एक मान्य कारण आहे.

नाण्याच्या मीटरचा वारसा याच संदर्भात पाहावा लागतो. थकबाकीदारांच्या घरी आगाऊ पैसे भरून चालणारे मीटर बसविण्याची पद्धत खासगीकरणानंतरही चालू राहिली. पुरवठा तोडल्याची नोंद त्यामुळे टळे. पण पैसे संपले की घर स्वतःच अंधारात व थंडीत जाई. फेब्रुवारी २०२३ मध्ये दुर्बल व्यक्तींच्या घरांत जबरदस्तीने असे मीटर बसविल्याचे प्रकार वृत्तपत्रीय शोधातून उघड झाले. त्यानंतर नियामकाने ही कारवाई थांबविण्यास सांगितले आणि त्याच वर्षी नवे नियम आणले. १८८० च्या दशकातील यंत्रामागील तत्त्व सव्वाशेहून अधिक वर्षांनीही पालटलेले नव्हते.

समारोप

उपरोक्त विवेचनातून घरगुती तापनाच्या नियंत्रणाचे तीन स्तर स्पष्ट होतात. पहिला स्तर भिंतीवरच्या आणि बॉयलरवरच्या बटणांचा. तो कुटुंबाच्या हाती आहे आणि त्याचे योग्य ज्ञान असल्यास खर्च निश्चित कमी होतो. दुसरा स्तर घराच्या भिंती, माळा व बॉयलर यांचा. तो घरमालक, बांधकाम-नियम आणि शासकीय अनुदान यांवर अवलंबून असतो. भाडेकरूला त्यावर अधिकार नसतो. तिसरा स्तर दराचा. तो बाजारपेठ, आयात व शासन ठरविते. ब्रिटनच्या इतिहासात जबाबदारी सातत्याने पहिल्या स्तराकडे सरकत गेली, तर देयकाचा मोठा भाग दुसऱ्या व तिसऱ्या स्तरांवर ठरत राहिला. ज्या राष्ट्राने दहा वर्षांत ४ कोटी उपकरणे बदलली, त्याला घरांच्या भिंती व माळे सुधारणे अशक्य होते असे म्हणता येत नाही. थर्मोस्टॅटविषयीचा सल्ला चुकीचा नव्हता. सामूहिक कर्तव्याच्या जागी तो एकटा उभा केला गेला, ही त्याची मर्यादा होती.