लांडग्याच्या ताटातला इतिहास

मुलखाचा इतिहास आपण ताम्रपटांतून, बखरींतून वाचतो. बारामती-इंदापूरचा इतिहास लांडग्याच्या खाण्यातूनही वाचता येतो, असे म्हटले तर आपल्याला नवल वाटेल. पण ते खरे आहे.

हा पर्जन्यछायेतला प्रदेश. मुरमाड माळ, त्यावर पवन्या-कुसळीचे गवत आणि गवतात चिंकारा. लांडगा हा या माळाचा शिकारी. आडोशाला दबा धरण्यापेक्षा पाठलागावर त्याची भिस्त. चिंकारा मिळाला तर चिंकारा, नाहीतर ससा, अगदी उंदीरसुद्धा.

१८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा आला. पुढे १९३० च्या दशकात वालचंदनगर उभे राहिले, मग सहकारी कारखाने आले. माळ फुटला, ऊस आला. शेतकऱ्याचे भले झाले. मात्र चिंकारा उरलेल्या तुकड्यांत कोंडला गेला. त्यातच इंग्रज सरकार लांडगा मारणाऱ्याला बक्षीस देई. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभरात सुमारे दोन लाख लांडगे बक्षिसापायी मारले गेले. तरीही तो टिकला, कारण त्याने ताट बदलले. हरणाच्या जागी धनगराचे मेंढरू आले.

१९७२ च्या कायद्याने त्याला संरक्षण मिळाले. १९९७ साली सुप्याजवळ चिंकारांसाठी मयूरेश्वर अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर. लांडग्याच्या एका कुटुंबाला याच्या कितीतरी पट मुलूख लागतो. म्हणजे त्याची गाठ मेंढपाळाशी पडणारच.

कडबनवाडीच्या माळावर एका वयस्कर धनगराला मी विचारले, "लांडग्याचा राग येत नाही का?" वाघरीची दोरी ताणत तो म्हणाला, "येतो की, पाव्हणं. कोकरू गेलं की दोन दिस घास गोड लागत न्हाई. पन त्याचीबी लेकरं हायतीच की. तो काय दुसरीकडं जाणार?" सरकारी भरपाई आहे, पण आज इथे, उद्या तिथे वाडा टाकणाऱ्याला पंचनाम्यासाठी थांबणे परवडत नाही. लांडग्याला जगवण्याचा खर्च असा मेंढपाळाच्या अंगावर पडतो.

दिवाळीनंतर काही कळप कोकणाकडे उतरतात, ते पावसाळ्याच्या तोंडावर परततात. लांडग्याची पिल्ले जन्मतात ती हिवाळ्यातच. मग तो पुन्हा सशा-उंदरांकडे किंवा गावकुसाजवळच्या शेळीकडे वळतो. वर्षाच्या आतही त्याचे ताट असे बदलते.

आता त्या ताटात तिसरी गोष्ट आली आहे. कोंबडीपालनाच्या शेडमधल्या मेलेल्या कोंबड्या उघड्यावर टाकल्या जातात. धावावे लागत नाही, धनगराची काठीही नाही. सोय झाली, असे वाटेल. पण त्याच ढिगावर भटकी कुत्रीही येतात. त्यांच्याकडून रेबीज, डिस्टेंपरसारखे रोग लांडग्यांत शिरतात. शिवाय लांडगा आणि कुत्रा यांचा संकर पुणे जिल्ह्यात झाल्याचे जनुकीय तपासणीतूनही सिद्ध झाले आहे. हरीण गेले, मेंढरू आले, तरी लांडगा लांडगाच राहिला होता. या तिसऱ्या बदलात त्याचे लांडगेपणच पणाला लागले आहे.

२०२४ साली वनखात्याने कडबनवाडी आणि शिर्सुफळ येथे गवताळ माळाची सफारी सुरू केली. लोक माळ पाहायला येऊ लागले, ही चांगलीच गोष्ट. पण ज्याला आपण पडीक म्हणत आलो तो माळ राखणे, मेलेल्या कोंबड्या पुरणे आणि मेंढपाळाला वेळेवर भरपाई देणे, ही कामे सफारीच्या गाडीत बसून व्हायची नाहीत. लांडग्याने आजवर आपल्याशी जुळवून घेतले. आता पाळी आपली आहे.