स्कॉटलंड यार्डांतील खटला आणि नंतर

सी. आय. डी. हीं तीन अक्षरें मराठी घरांतून चांगलींच परिचित आहेत. त्यांचा जन्म मात्र एका लाचलुचपतीच्या खटल्यांतून झाला. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयांत १८७७ सालीं पिंजऱ्यांत उभे राहिलेले क्लार्क, पामर, ड्रुस्कोविच व मायकलजॉन हे स्कॉटलंड यार्डाचे नामांकित डिटेक्टिव्ह होते. कुंपणानेंच शेत खाल्लें होतें.

प्रकरणाचें मूळ घोड्यांच्या शर्यतींत. बेन्सन व कुर या ठकांनीं चक्क एक बनावट वर्तमानपत्र छापून फ्रान्समधील एका धनिक बाईला १०,००० पौंडांस बुडविलें. तपास सुरू झाला, पण पोलिसांची चाहूल ठकांना आधींच लागे. कारण मायकलजॉन कुरकडून पैसे घेऊन बातमी पुरवीत असे. ड्रुस्कोविचची कथा अधिक करुण आहे. अनेक भाषा जाणणारा हा हुषार मनुष्य भावासाठीं जामीन राहून ६० पौंडांच्या पेंचांत सांपडला. ती रक्कम कुरनें दिली, आणि एवढ्याशा रकमेनें त्याचे हात कायमचे बांधले गेले. पुढें ठक हॉलंडांत पकडले गेले, तेव्हां त्यांना सोडून देण्याविषयीं स्कॉटलंड यार्डाच्या नांवाची खोटी तारहि रॉटरडॅमला गेली! अखेर शिक्षा झाल्यावर ठकांनींच तोंड उघडलें. क्लार्क निर्दोष सुटला; इतर तिघांना आणि एका वकिलाला प्रत्येकीं २ वर्षें सक्तमजुरी मिळाली.

गृहमंत्री रिचर्ड क्रॉस यांनीं चौकशीसमिति नेमली. त्याच सुमारास हॉवर्ड व्हिन्सेंट नांवाचा २८ वर्षांचा बॅरिस्टर पॅरिसला जाऊन तेथील पोलिसव्यवस्था पाहून आला व त्यानें आपला अहवाल पुढें केला. १८७८ मध्यें नवें खातें निघालें आणि त्याचें प्रमुखपद त्यालाच मिळालें. १८४२ सालीं अवघ्या ८ माणसांनिशीं सुरू झालेली शाखा आतां स्वतंत्र व भारदस्त झाली. हिंदुस्थानांतहि १९०२ च्या पोलिस कमिशननंतर प्रांतोप्रांतीं याच नांवाचीं खातीं निघालीं.

व्हिन्सेंट कर्तबगार होता यांत शंका नाहीं. पण त्याच्या योजनेनें तपासाची शिस्त लावली, तपासणाऱ्यांवर नजर कोणी ठेवावी हा प्रश्न तसाच राहिला. डिटेक्टिव्हाला गुन्हेगारांत वावरावेंच लागतें. ड्रुस्कोविच व कुर यांची गांठ पडली ती अशाच एकांतांत. खातें वेगळें झाल्यामुळें तो एकांत मोडला नाहीं, उलट त्याभोंवतीं खात्याच्या अभिमानाची भिंत उभी राहिली.

ती भिंत पाडावयास रॉबर्ट मार्क यावा लागला. १९६९ मध्यें ‘टाइम्स’ पत्रानें डिटेक्टिव्हांची लांचखोरी उघडकीस आणली होती. १९७२ सालीं कमिशनर होतांच मार्कनें विभागांतील डिटेक्टिव्हांना गणवेषधारी अधिकाऱ्यांच्या हाताखालीं दिलें, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा तपास ‘ए-१०’ या निराळ्या शाखेकडे सोंपविला. त्याच्या कारकीर्दींत ४०० हून अधिक पोलिसांनीं नोकरी सोडली. कित्येकांनीं तर चौकशीची वाटहि पाहिली नाहीं. अश्लील पुस्तकांच्या दुकानदारांकडून हप्ते घेणाऱ्या अधिकाऱ्यांचा खटला ओल्ड बेलींतच चालला. तें साल होतें १९७७.