हातचा येईपर्यंत : कापरेकरांची डेम्लो संख्या

मंडळी, आज आपण एकाच संख्येबद्दल बोलू. लिहून घ्या : १२३४५६७८९८७६५४३२१. सतरा अंक. उलट वाचली तरी तीच.

ही येते कुठून? नऊ वेळा १ लिहा, १११११११११, आणि तिला तिनंच गुणा. शाळेतल्या उभ्या मांडणीनं. एकांच्या नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. पहिल्या उभ्या रांगेत एक १, दुसरीत दोन, मधल्या रांगेत नऊ, पुढे परत उतरण. कुठंही हातचा घ्यावा लागत नाही, म्हणून मांडणी जशीच्या तशी उत्तरात उतरते.

अशा संख्यांना नाव दिलं दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी. जन्म १९०५, डहाणू. १९३० ते १९६२ ते देवळालीत शाळामास्तर होते. देवळाली म्हटलं की आपल्या नगरकरांना राहुरीजवळची देवळाली प्रवरा आठवते. पण ही नाशिकजवळची. 'डेम्लो' हे रेल्वे स्टेशनचं जुनं नाव, म्हणजे आजची डोंबिवली. कल्पना तिथं सुचली, म्हणून ते नाव. यावरचा त्यांचा लेख १९३८ साली 'द मॅथेमॅटिक्स स्टुडंट'मध्ये आला.

कापरेकरांनी पाहिलं ते असं. मधला ९ बाजूला ठेवा. डावीकडे १२३४५६७८, उजवीकडे ८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९. जो अंक मध्ये, तोच बेरजेत. लहान उदाहरण २५५३ : २ आणि ३ मिळून ५, आणि मध्ये ५च.

आता दहा एके घ्या. मधल्या रांगेत दहा होतात, हातचा येतो. उत्तर : १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा ८ गेला, मध्ये दोन शून्यं आली. उलटसुलट सारखेपणा संपला.

'लीलावती'त भास्कराचार्यांनी एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावं दिली आहेत. आपली संख्या सतराव्या स्थानात, 'मध्य'मध्ये, मावते. दहा एक्यांचा वर्ग एकोणीस अंकी. तो त्या यादीबाहेर जातो. हा योगायोग आहे. हातचा मात्र योगायोग नाही.

देशातल्या अनेक गणितींनी कापरेकरांचं काम क्षुल्लक मानलं. इंग्लंडात हार्डी यांनीही १९४० साली अंकांच्या अशा गमतींना गंभीर गणितात जागा नाही असं म्हटलं होतं. आक्षेप खोटा नाही. हे सौंदर्य संख्येचं कमी, दशमान लेखनाचं जास्त. बारा अंकांच्या पद्धतीत ही मांडणी अकरा एक्यांपर्यंत टिकेल. पण स्थानमूल्य आणि हातचा म्हणजे काय, हे मुलाला यापेक्षा चांगलं कशानं दाखवायचं? कापरेकर मास्तरच होते.

१९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा ते निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. १९८६ साली ते गेले. आज घरी गेल्यावर नऊ एक्यांचा गुणाकार कागदावर करा. कॅल्क्युलेटर नको, त्यात रांगा दिसत नाहीत.