घाट चढलेली कवडी

गुळाचा भाव पडला की कोल्हापूरचा शेतकरी म्हणतो, माल कवडीमोल गेला. मार्गशीर्षात सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा आली की त्याच घरातली बाई जोगतिणीच्या परडीत जोगवा घालते आणि तिच्या गळ्यातल्या कवड्यांच्या माळेला हात लावून नमस्कार करते. एकाच घरात कवडी ही मातीमोलाची खूण आहे आणि देवीचं लेणंही. या विसंगतीचं सोपं स्पष्टीकरण असं देतात की व्यवहारातली कवडी वेगळी आणि श्रद्धेतली वेगळी. मला ते पटत नाही. दोन्ही अर्थ एकाच गोष्टीतून निघाले असावेत : समुद्रातला हा चिमुकला शंख घाट चढून आला. कोकणच्या खडकांत कवडीच्या काही जाती मिळतात, पण नाणं म्हणून चालली ती पिवळसर, बुटकी कवडी मुख्यतः मालदीवची. नारळाच्या झावळ्या उथळ पाण्यात तरंगत ठेवायच्या, त्यांना गोगलगायी चिकटल्या की वर ओढायच्या, वाळूत पुरून मांस कुजू द्यायचं; उरतो तो चकचकीत शंख. 1343-44 साली तिथं राहिलेला इब्न बतूता सांगतो, की सोन्याच्या एका दिनाराला चार लाख कवड्या मिळत, कधी बारा लाखांपर्यंतही. बंगालचे लोक त्या तांदळाच्या बदल्यात नेत. उगमापाशी कवडी वाळूइतकी स्वस्त होती.

पुढची साक्ष सतराव्या शतकातल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याची आहे. समुद्राजवळ एका पैशाला ऐंशीपर्यंत कवड्या मिळत, आग्र्याला पन्नास-पंचावन्नच, आणि कारण तो साधं देतो : वाहतूक. म्हणजे समुद्र जसजसा मागे पडेल तसतशी कवडी महाग. आता देवींची ठिकाणं पाहा. कवड्यांची माळ ज्यांच्या भक्तांची ओळख आहे त्या तुळजापूरच्या भवानीला आणि सौंदत्तीच्या यल्लम्माला लाटेचा आवाज कधी ऐकू येत नाही. कोल्हापूर तर समुद्रापासून शंभरेक किलोमीटरवर, आणि मध्ये सह्याद्री उभा. तरी दर्याचा माल इथं पूर्वीपासून पोचत होता. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती, म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेवच, आज टाऊन हॉल संग्रहालयात आहे. 1945-46 मध्ये सांकलिया आणि दीक्षित यांनी त्या टेकडीवर उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातली वस्ती उघड झाली. देव जर बैलाच्या पाठीवरून घाट चढला, तर कवडीला काय अवघड होतं?

यावर पहिला आक्षेप आकाराचा. दातेरी फट असलेली कवडी डोळ्यासारखी दिसते, योनीसारखीही, म्हणून ती मातृदेवतेची झाली, असं म्हणतात. हे खोटं नाही. माळ ओवताना कवडीची फुगीर पाठ घासून काढतात आणि दातेरी बाजूच पुढं ठेवतात, याचा अर्थ त्या फटीकडं लक्ष होतंच. पण तोच आकार मालदीवच्या वाळूत खंडीनं पडलेला होता, आणि तिथल्या माणसाला त्यात दिसला तो तांदूळ. आकारानं कवडीला अर्थ दिला असेल. मोल दिलं ते अंतरानं. कोकणातही गोंधळी कवड्यांची माळ घालतात, हेही कोणी पुढं करील. घालतात, पण गोंधळाला ते आवाहन करतात तुळजापूरच्या भवानीला. समुद्रावरून वर गेलेली कवडी तिथं देवीची होऊन परत खाली उतरली, एवढंच.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. बंगालमध्ये कवड्यांनी सरकारी वसूल भरला जाई. दख्खनेत मात्र तांब्याचं नाणं होतं, शिवराई होती, मग इथं कवडी चलन होती कुठं? बंगालइतकी नव्हती, हे मान्य. पण हिशोबात ती होती. सह्याद्रीच्या आश्रयाला राहणाऱ्या भास्कराचार्यांनी 1150 साली लिहिलेल्या ‘लीलावती’तलं नाण्यांचं कोष्टक कवडीपासूनच सुरू होतं : वीस वराटकांची, म्हणजे कवड्यांची, एक काकिणी, चार काकिणींचा पण, सोळा पणांचा द्रम्म. म्हणजे द्रम्माला 1280 कवड्या. बंगालचा काहण तोच : 1280 कवड्या, आणि चार काहणांचा रुपया. इतकं जुळणारं कोष्टक निव्वळ पंडिती कल्पना म्हणून सोडून देता येत नाही. तेव्हा ‘कवडीमोल’चा मूळ रोख ‘किंमत नसलेलं’ असा नसावा, ‘कोष्टकाच्या तळाच्या पायरीवरचं’ असा असावा. शून्याला कोणी फुटकी म्हणत नाही. फुटकी म्हणायला आधी अख्खी कवडी चालावी लागते.

एकोणिसाव्या शतकात कंपनीच्या पैशा-पैपुढं कवडी बाजारातून हटली. तिला उरलं सोंगट्यांच्या पटावरचं दान, बोलीतली शिवी आणि देवीचा गळा. शाहू महाराजांनी 1920 मध्ये जोगतिणींबाबत कायदा केला, तो मुली देवाला वाहण्याच्या चालीवर होता, आणि तो हवाच होता. माळेला त्यानं हात लावला नाही. पाठ घासलेली, दात विचकलेली ती कवडी परडीच्या काठाला आजही शिवलेली दिसते.